नारायणगावच्या राहुट्या: फड ठरवताना काय बघावं, काय लिहून घ्यावं

फोनवर व्हिडिओ बघून जत्रेचा तमाशा ठरवणाऱ्या कमिट्या आता कमी नाहीत. पैसे ऑनलाइन गेले, पावती व्हॉट्सअॅपवर आली, काम झालं. तरीही पुणे, नगर, नाशिक या पट्ट्यातल्या गावाला ढोलकी फडाचा, म्हणजे वग करणाऱ्या तमाशा मंडळाचा, तमाशा हवा असेल तर नारायणगावच्या राहुट्यांइतकी, म्हणजे फडांच्या तात्पुरत्या बुकिंग ऑफिसांइतकी, सोयीची जागा दुसरी नाही, असं आमचं मत आहे. एका फेरीत अनेक फडांचे मॅनेजर समोरासमोर भेटतात, दोन राहुट्यांच्या भावातला फरक तिथल्या तिथे कळतो आणि करार कागदावर होतो. उणीव एकच, आणि तीही बरीचशी गिऱ्हाइकाची. तिथे जाणारे लोक सुपारीच्या (खेळासाठी ठरणाऱ्या रकमेच्या) आकड्यावर तासभर घासाघीस करतात, पण वग (तमाशाच्या शेवटी होणारं नाटक) किती मिनिटांचा होणार हे विचारत नाहीत. मग जत्रेच्या रात्री दहा वाजता साऊंड बंद होतो, राजा अजून शिकारीला निघालेला असतो आणि गाव म्हणतं, यंदाचा तमाशा काही रंगला नाही.

नारायणगाव जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर, पुण्यापासून साधारण 75 किलोमीटर. स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर बाह्यवळणाला न लागता गावातल्या जुन्या रस्त्यानं आत यायचं. एसटी स्टँडच्या परिसरात राहुट्या लागतात. हंगाम शिवरात्रीनंतर सुरू होतो, अक्षय्य तृतीयेला सरत येतो. सर्वात जास्त करार गुढीपाडव्याला होतात, कारण गावं मुहूर्त पाळतात. पण पाडव्याला एकेका राहुटीत चार-चार गावांचे पंच बसलेले असतात आणि मॅनेजरला दोन मिनिटं धड बोलायला उसंत नसते. कोण-कोण कलाकार आहेत, वग कुठला, ढोलकीला कोण, हे नीट विचारायचं असेल तर पाडव्याच्या आठ-दहा दिवस आधी, तेही दुपारी जावं. तोंडी बोलणं तेव्हाच पक्कं करावं आणि विसार देऊन कागद करायला पाडव्याला परत जावं. मुहूर्तही साधतो, घाईही होत नाही.

या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात त्याला कारण आहे. भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड इथला आणि नामवंत तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरही इथल्याच. त्या 2002 मध्ये गेल्या. राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं दिला जातो. त्यांच्या पुढच्या पिढीतले फड आजही उभे आहेत. मंगला बनसोडे आणि मालती इनामदार या दोघी विठाबाईंच्या मुली, आणि मंगलाताईंच्या फडाच्या पाटीवर त्यांचे चिरंजीव नितीनकुमार यांचं नाव जोडीनं असतं. दुसरं मोठं घराणं खेडकरांचं. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर हे सोंगाड्याच्या, म्हणजे विनोदी नटाच्या, कामासाठी नावाजलेले. याशिवाय भिका-भीमा सांगवीकर, दत्ता महाडिक पुणेकर, अंजलीराजे नाशिककर, चंद्रकांत ढवळपुरीकर, हरिभाऊ बढे नगरकर ही नावं तमाशा बघणाऱ्याला पाठ असतात.

पाटी वाचताना मात्र डोळे उघडे ठेवायचे. फडांची नावं 'अमुक सह तमुक लोकनाट्य तमाशा मंडळ' अशी असतात आणि 'सह'च्या अलीकडे-पलीकडे कोण आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. भाऊबंदकीत फड वेगळे झाले की आडनाव आणि गावाचं नाव दोघेही वापरतात. मूळ नामवंत कलाकार हयात नसले तरी पाटीवर नाव राहतं आणि त्यात काही गैर नाही, तो घराण्याचा मान आहे. पण 'नाव मोठं म्हणून हाच फड' असं ठरवून आलात तर विचारायचं एकच: या हंगामात बोर्डावर, म्हणजे स्टेजवर, प्रत्यक्ष कोण उभं राहणार? नायक, सोंगाड्या, मुख्य स्त्री कलाकार, ढोलकीवाला. ही चार नावं सांगताना मॅनेजर अडखळला तर पुढच्या राहुटीकडे चालू लागा.

फड दोन जातींचे. एक तंबूचे, म्हणजे दसऱ्याला बाहेर पडून बुद्ध पौर्णिमेपर्यंत गावोगाव कनात लावून तिकिटावर खेळ करणारे. यांच्याकडे शंभर-सव्वाशे माणसं, स्वतःचे ट्रक, स्वतःचं स्टेज, जनरेटर, लाइट, सगळं असतं. जत्रांच्या दिवसांत तेही सुपारी घेतात. दुसरे हंगामी, चैत्र-वैशाखापुरते जमणारे. माणसं चाळीस-साठ, सामान आटोपशीर, साऊंड पुष्कळदा भाड्याचा. हंगामी म्हणजे कमअस्सल असं धरून चालू नये. हंगामी फडांत जुने वगवाले, पल्लेदार आवाजाचे शाहीर हमखास भेटतात, कारण मोठ्या फडांत त्यांना आता फार वेळ मिळत नाही. मोठ्या फडाचा झगमगाट दहा हजारांच्या मैदानाला लागतो. दीड-दोन हजार माणसांच्या गावात तोच झगमगाट अर्ध्या भावातल्या फडापेक्षा उजवा ठरेलच असं नाही.

भाव ठरतो तो मुख्यतः तिथीवर. जत्रा तारखेवर नसतात, तिथीवर असतात, आणि गावदेव मोजके. हनुमान म्हणजे चैत्री पौर्णिमा, भैरवनाथ म्हणजे पुष्कळ ठिकाणी चैत्र वद्य अष्टमी. या अष्टमीला जुन्नर, आंबेगाव, खेड भागात गावागणिक जत्रा असते आणि फड तेवढेच. साहजिकच त्या दिवशी लाखाची सुपारी दीड-दोनवर जाते. अलीकडच्या हंगामांत लहान फड लाखाच्या आसपास आणि मोठा फड मागणीच्या तिथीला तीन लाखांच्या पुढे, असा पल्ला धरून चालावं. सप्तमी किंवा नवमीला जत्रा असलेलं गाव नशीबवान. त्यातही एक युक्ती आहे. मॅनेजरची वही उघडी असतेच. आपल्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी हाच फड कुठल्या गावाला आहे ते बघा. ते गाव वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर फडाचा डिझेलचा खर्च वाचतो, माणसांची रात्रीची झोप वाचते, आणि त्या बदल्यात दहा टक्के सूट मागणं रास्त आहे, बहुतेक मिळतेही. उलट दुसऱ्या दिवशीचं गाव दीडशे किलोमीटरवर असेल तर स्वस्तात मिळालेला फडही घेऊ नये. सकाळी सामान भरायची घाई असली की हजेरी उरकली जाते.

हजेरी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकासाठी सांगायला हवं. जत्रेच्या रात्री पालखी, छबिना (देवाची मिरवणूक) आणि तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला तोच फड पुन्हा बसतो, ती हजेरी, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरीत वग नसतो. लावण्या, गवळणी, सवाल-जवाब, फर्माइशी. दिवसाउजेडी, लाइट-धुराशिवाय, हाताच्या अंतरावर गाणं-वाजवणं ऐकायला मिळतं, आणि रात्री दहाची टांगती तलवारही नसते. ज्याला तमाशाचं संगीत ऐकायचं आहे त्यानं रात्र चुकवली तरी चालेल, हजेरी चुकवू नये. करारात 'रात्रीचा कार्यक्रम व सकाळची हजेरी, किमान दोन तास' असं स्वच्छ लिहून घ्या. नुसतं 'हजेरीसह' लिहिलं की पाऊण तासात आटोपते.

आता वेळेचं गणित. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सरकार आणि जिल्हाधिकारी ठरवतात आणि बहुतेक गणपती, नवरात्र, दिवाळी, नाताळ यांत संपतात. तुमच्या जत्रेचा दिवस त्यात असेल या भरवशावर राहू नका. म्हणजे खेळ सातला सुरू झाला तर हातात तीन तास. तमाशाचा क्रम ठरलेला आहे: ढोलकी-हलगीची सलामी, गण (गणपतीचं स्तवन), गवळण, बतावणी (विनोदी संवाद), मग रंगबाजी (नाच-गाणी) आणि शेवटी वग. पूर्वी हे सगळं पहाटेपर्यंत चालायचं. तीन तासांत बसवायचं तर आमच्या मते वाटणी अशी असावी: सलामी आणि गण मिळून 15 मिनिटं, गवळण आणि बतावणी 35 ते 40, रंगबाजी 40, आणि उरलेला सव्वा तास-दीड तास वगाला. प्रत्यक्षात काय होतं? खेळ आठला सुरू होतो. रंगबाजी तास-सव्वा तास ताणली जाते, कारण समोरची पोरं सिनेमाच्या गाण्यांवर वन्स मोअर मागत राहतात. वगाला वीस मिनिटं उरतात. त्यात राजा, प्रधान, राणी आणि खलनायक एकदमच बोर्डावर येऊन गोष्ट सांगून टाकतात.

यात फडाला दोष देण्याआधी कमिटीनं आरशात बघावं. खेळ उशिरा सुरू होण्याचं पहिलं कारण छबिना वेळेवर देवळात पोचत नाही. दुसरं कारण सत्कार. आमदारांचे प्रतिनिधी, माजी सरपंच, देणगीदार, मुंबईकर मंडळ, प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. पंचवीस सत्कार प्रत्येकी दीड मिनिटानं धरले तरी पस्तीस-चाळीस मिनिटं तिथेच गेली. सत्कार हजेरीच्या वेळी ठेवावेत. तेव्हा मंडळी निवांत असतात, फोटोही उजेडात चांगले येतात, आणि देणगीदाराचं नाव माइकवरून पुकारायचं ते तेव्हाच पुकारावं. रात्री वगाच्या मध्ये 'अमुक शेठकडून पाचशे एक' हे अजिबात होता कामा नये.

तेव्हा करारात घालायच्या गोष्टी. छापील फॉर्म राहुटीत असतोच, त्यावर फडाचं नाव, गाव, तिथी आणि तारीख दोन्ही, सुपारीची रक्कम, विसार आणि बाकी एवढं असतं. तिथी आणि तारीख दोन्ही लिहिण्याचं कारण, तिथी कधी कधी दोन दिवसांवर पसरते आणि दोन पंचांगं दोन दिवस दाखवतात. गावानं देवळातल्या गुरवाकडून दिवस पक्का करूनच निघावं. याखाली हातानं पुढच्या ओळी लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात: मुख्य चार कलाकारांची नावं, खेळ सुरू होण्याची वेळ, वगाचं नाव आणि किमान मिनिटं, हजेरीचे तास, स्टेज, साऊंड, लाइट, जनरेटर यांतलं कोण काय आणणार, जेवण की शिधा की रोख, आणि पाऊस किंवा बंदोबस्तामुळे खेळ झाला नाही तर काय. चार नावांची अट महत्त्वाची आहे. अष्टमीसारख्या दिवशी एकाच नावानं दोन गावांत तुकड्या जाऊ शकतात, आणि मग आपल्या वाट्याला कुठली तुकडी हे नशिबावर. नावं कागदावर असली की हा प्रश्न राहुटीतच मिटतो.

पावसाच्या अटीबद्दल राहुटीतले लोक चटकन बोलत नाहीत, आणि त्याला कारण पैशाची रचना आहे. कलाकारांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. ती फडमालक कर्ज काढून देतो आणि गावांचे विसार त्या कर्जात जातात. 2020 साली पाडवा 25 मार्चला होता, देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली, आणि तो हंगाम आणि पुढचाही गेला. उचल मात्र वाटलेली होती. तेव्हा 'खेळ झाला नाही तर विसार परत' ही अट कुणी मान्य करणार नाही, केली तरी परतफेड होणार नाही. त्याऐवजी 'ट्रक गावात पोचल्यानंतर पावसानं खेळ बंद पडल्यास निम्मी बाकी देणे, आणि दुसऱ्या दिवशीची हजेरी पूर्ण करणे' अशी मधली अट दोघांनाही परवडते. वळवाचा पाऊस चैत्र-वैशाखात चारच्या पुढे येतो आणि दोन तासांत निघून जातो, त्यामुळे पुष्कळदा नुसती वेळ सरकते. मैदानात पाणी साचू नये म्हणून स्टेजच्या बाजूला फूटभर चर खणून ठेवली की खेळ वाचतो.

विसार साधारण चौथा हिस्सा देतात. बाकी रक्कम खेळाच्या संध्याकाळी, कलाकार तोंडाला रंग लावायच्या आधी, हा रिवाज आहे आणि तो पाळावा. वर्गणी पूर्ण जमली नाही म्हणून 'सकाळी देतो' म्हणणाऱ्या गावाची खबर पुढच्या हंगामापर्यंत सगळ्या राहुट्यांत पसरलेली असते, आणि मग त्या गावाला भाव वरचा सांगितला जातो.

गावाकडची तयारी. स्टेज फड आणणार नसेल तर किमान 30 फूट रुंद आणि 20 फूट खोल, उंची चार ते साडेचार फूट. फळ्यांवर नुसती सतरंजी टाकू नका, नाचताना सरकते आणि पाय मुरगळतो. सतरंजी कडेनं खिळ्यांनी ठोकून ताणावी, किंवा फळ्याच घट्ट आणि तासलेल्या असाव्यात. चाळ बांधून नाचणाऱ्या बाईच्या पायाखाली फळी वाजली पाहिजे, पण दबता कामा नये. स्टेजसमोर दहा फूट सोडून बांबूचा कठडा. स्टेजमागे चारी बाजूंनी बंद कनात, तिला आतून उजेड, आणि तिथून स्टेजवर जायला पायऱ्या, शिडी नाही. वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवर घेतली तरी जनरेटर उभा असावा. जत्रेच्या संध्याकाळी पाळणे, आइस्क्रीमच्या गाड्या, दुकानं सगळी एकाच रोहित्रावर लटकलेली असतात आणि नेमकं गवळणीत होल्टेज पडतं.

मुक्काम शाळेत द्यायचा असेल तर परीक्षा चालू नाहीत ना ते आधी बघावं. स्त्री कलाकारांना कडी लागणाऱ्या खोल्या आणि जवळ चालू स्थितीतलं न्हाणीघर-संडास, ही सोय आहे की नाही हे मॅनेजर विचारतोच, आणि न विचारणाऱ्या मॅनेजरचा फड घेऊ नये. जो आपल्या माणसांची काळजी घेत नाही तो गावाची काय घेणार. साठ माणसांच्या फडाला नुसत्या अंघोळीला दोन हजार लिटर पाणी लागतं. टँकर दुपारीच भरून उभा करावा. जेवणाचं म्हणाल तर बऱ्याच फडांचा स्वतःचा भटारखाना असतो. त्यांना शिधा दिला की ते आपल्या वेळेला रांधतात. गावाच्या पंगतीचा आग्रह करू नये. खेळाआधी पोटभर जेवून कुणी गात नाही.

साऊंडचा मुद्दा जरा सविस्तर, कारण तमाशा बिघडतो तो इथे. भाड्याच्या साऊंडवाल्याला डीजेची सवय असते. तो बास उघडतो आणि सगळ्या माइकवर एको चढवतो. बासमध्ये ढोलकीची धुमाची (डावी, घुमणारी) बाजू फुगून बसते आणि उजव्या बाजूच्या शाईवरचे बोल, ज्यांच्यासाठी ढोलकी ऐकायची, ते दबतात. ढोलकीला दोन माइक लावावेत. शाईकडचा जवळ, धुमाकडचा वीतभर लांब आणि आवाज कमी. हलगीला शक्यतो माइकच नको, ती मैदान एकटी व्यापते. तुणतुणं मात्र माइकशिवाय पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही, आणि सुरत्यांनी (मागे सूर धरणाऱ्या साथीदारांनी) ओढलेली 'जी जी रं जी'ची झील तर हमखास हरवते, कारण ते मागे उभे असतात आणि माइक सगळे पुढे. त्यांच्यासाठी एक माइक वेगळा मागून घ्या. बतावणी आणि वग सुरू झाला की एको पूर्ण बंद. सोंगाड्याचा विनोद शेवटच्या शब्दावर असतो, आणि एकोमध्ये नेमका तोच शब्द दोनदा ऐकू येऊन एकदाही समजत नाही.

वाद्यांची परीक्षा राहुटीत होत नाही, पण खेळाआधी अर्धा तास स्टेजमागे उभं राहिलं तर कळतं. चांगला ढोलकीवाला किमान दोन ढोलक्या आणतो, वेगवेगळ्या सुरांत चढवलेल्या, कारण दोन गायिकांची पट्टी एक नसते. एकच ढोलकी असेल तर दुसरी बाई एकतर ओढून गाते नाहीतर बसक्या सुरात. हलगी कातडी असेल तर शेजारी शेकोटी किंवा शेगडी दिसेल. लोखंडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं दमट हवेत उतरतं, शेकलं की पुन्हा टणत्कारतं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, आणि मधल्या रिकाम्या वेळात वादक बोटाच्या टिचकीनं सूर तपासत असतो. फायबरची हलगी उतरत नाही हे खरं, पण तिचा आवाज कोरडा आणि एकसुरी. सलामीत ढोलकी-हलगीची जुगलबंदी दहा मिनिटं ऐकायला लावणारा फड असेल तर पुढचा खेळ वाया जात नाही, हा आमचा ठोकताळा. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आता सगळीकडे आहेत, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. रंगबाजीला ते लागतात. गण-गवळणीत मात्र ते बंद ठेवायला सांगावेत. सांगितलं तर फडवाले खुशीनं ऐकतात.

गवळण बघताना मावशीवर लक्ष ठेवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि या सगळ्यांना उत्तरं देणारी मावशी, जी पुरुष कलाकार करतो. संहिता फारशी नसतेच. मावशी आणि पेंद्या जितके हजरजबाबी तितकी गवळण. बतावणीतही तेच. इथे कमिटीचं एक काम आहे, जे फार थोडी गावं करतात: दुपारी सोंगाड्याला गाठून गावातल्या चार-पाच खपवून घेणाऱ्या माणसांची नावं, एखादा गाजलेला रस्ता किंवा बंद पडलेली पाणी योजना, एवढी माहिती द्यायची. कुणाचं नाव घ्यायचं नाही हेही सांगायचं. रात्री तीच नावं बोर्डावरून आली की मैदान उसळतं. हे न करता सोंगाड्यानं स्वतःच्या अंदाजानं एखाद्या गटाला टोमणा मारला तर ऐन निवडणुकीच्या वर्षात खुर्च्या उडतात.

परवानगीचं काम फडाचं नाही, गावाचं. पोलीस ठाण्यात अर्ज निदान पंधरा दिवस आधी, सोबत ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि कराराची प्रत. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते, ती याच अर्जात उरकली असं समजू नका. वगाच्या संहितेचं परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र फडाकडे असतं. राहुटीतच त्याची झेरॉक्स मागून घेतली की ठाण्यात हेलपाटा वाचतो. लोकसभा निवडणूक नेमकी जत्रांच्या दिवसांत येते. आचारसंहितेत परवानगी मिळते, पण स्टेजवर पुढाऱ्याचा फ्लेक्स चालत नाही आणि वेळ काटेकोर पाळावी लागते.

वगाची निवड मॅनेजरवर सोडू नका. पाटीवर पौराणिक, ऐतिहासिक, रजवाडी, सामाजिक अशी चार-पाच नावं लिहिलेली असतात, पण त्यातले प्रत्यक्षात बसलेले दोनच. 'गेल्या महिन्यात कुठला वग किती वेळा केला?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. तीन तासांच्या खेळाला रजवाडी वग जमत नाही, त्याला दरबार, शिकार, कपट, तुरुंग असे प्रवेश लागतात. सामाजिक वग सव्वा तासात आवरतो आणि त्याला पोशाखही कमी. पूर्ण रात्र मिळणाऱ्या जुन्या रसिकांना हे कडू लागेल, पण घाईत उरकलेल्या रजवाडीपेक्षा नेटका सामाजिक बरा.

दलालांबद्दल दोन शब्द. स्टँडवर उतरल्या उतरल्या 'कुठलं गाव, किती बजेट' विचारणारी माणसं भेटतात. त्यांच्याबरोबर राहुटीत गेलं की त्यांची टक्केवारी सुपारीत चढते. त्यांची गरजच नाही, पाट्या ठळक आहेत आणि राहुट्या जवळजवळ. किमान चार ठिकाणी बसावं, चहा घ्यावा, फोटोंचा अल्बम आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघावेत. व्हिडिओत रंगबाजीच दाखवतील. वगाचा तुकडा मागा. नसेल तर ढोलकीचा मागा. आणि ज्या गावात या फडाचा गेल्या वर्षी खेळ झाला तिथल्या कमिटीतल्या कुणाला तरी फोन लावा. वहीत गावांची नावं असतातच, मॅनेजर लपवत नाहीत.

ज्यांना फड ठरवायचा नाही, नुसती लावणी ऐकायची आहे, त्यांच्यासाठी ही जागा नाही. राहुटीत खेळ होत नाही, तिथे फक्त व्यवहार. त्यांनी संगीत बारीच्या थिएटरात जावं, पुण्यात आर्यभूषण थिएटर आहेच. तिथे वग नाही, सोंगाड्या नाही, लावणीच्या पार्ट्या आपापल्या बारीला (पाळीला) बसतात आणि पेटी-तबला-ढोलकीवर लावणी होते. आणि जत्रेच्या गावचे पाहुणे असाल तर सरळ हजेरीला जाऊन पुढे बसा, ढोलकीच्या बाजूला, हलगीच्या नाही.

कागद झाला की त्याच्या दोन प्रती, एक गावाकडे. विसाराची पावती वेगळी घ्या, करारातच 'मिळाले' लिहून भागवू नका. मॅनेजरचा आणि फडमालकाचा, दोन्ही नंबर लिहून घ्या. जत्रेच्या आधी आठ दिवस एकदा फोन, आदल्या दिवशी ट्रक कुठे आहे त्याचा एक फोन. दुपारी दोनपर्यंत सामानाचा ट्रक गावात लागला नाही तर सातला खेळ सुरू होत नाही, तेव्हा दोन ही वेळसुद्धा करारात हवी.